वकिली, उद्योग आणि न्यायासन : वऱ्हाडातील दोन पिढ्यांची कारकीर्द

यवतमाळ जिल्ह्याची सर्वदूर ओळख आहे ती कापसामुळे. येथील काळ्या जमिनीतून निघालेला कापूस जिन-प्रेसमध्ये जाई, त्याच्या गाठी बांधल्या जात आणि मूर्तिजापूरपर्यंतच्या अरुंद लोहमार्गाने त्या मुंबईच्या वाटेला लागत. या व्यवहारात शेतकरी होता, सावकार होता, अडत्या होता आणि कारखानदारही होता. परंतु आणखी एक व्यक्ती या सर्वांच्या मध्ये उभी होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ती व्यक्ती म्हणजे वकील. खरेदीखत, गहाणखत, भागीदारीचा करार, वाटणीचा दावा यांपैकी काहीही असले तरी कापसाचा पैसा कायद्याच्या कागदावरूनच पुढे सरकत असे.

अशा प्रदेशात वकिलीचे शिक्षण घेतलेल्या माणसापुढे तीन वाटा खुल्या होत्या. पहिली वाट न्यायालयात युक्तिवाद करण्याची, दुसरी उद्योगधंद्याच्या संघटनेची आणि तिसरी न्यायासनाची. या तिन्ही वाटा चालून गेलेले एक घराणे वऱ्हाडात होऊन गेले. अमरावतीचे रावबहादूर र. न. मुधोळकर आणि त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर हे ते पिता-पुत्र होत. पित्याने वकिली व उद्योग यांची सांगड घातली, पुत्राने वकिलीच्या संस्कारातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत मजल मारली. या दोन्ही कारकीर्दींचा एकत्र अभ्यास केला असता त्यांतून एकच सूत्र हाती लागते. अधिकार कोठून आला आणि तो कोठे संपतो, हा प्रश्न विचारण्याची सवय म्हणजेच कायद्याचे खरे शिक्षण, हे ते सूत्र होय.

वऱ्हाडातील वकिलांचे वेगळेपण

ही सवय वऱ्हाडातील वकिलांना परिस्थितीनेच लावली होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, तरी कायद्याच्या दृष्टीने हा मुलूख निजामाचाच राहिला. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने घेण्यात आला आणि १९०३ पासून मध्य प्रांताच्या जोडीने त्याचा कारभार होऊ लागला. याचा परिणाम असा होता की, इंग्रजी हिंदुस्थानात संमत झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे, त्यासाठी सरकारी आदेशाने तो स्वतंत्रपणे लागू करावा लागे. त्यामुळे अमरावतीचा, अकोल्याचा किंवा यवतमाळचा वकील एखाद्या कलमाचा अर्थ सांगण्यापूर्वी ते कलम येथे लागू आहे काय, आणि असल्यास कोणत्या अधिकाराने, हे आधी पाहत असे.

याच काळात जिल्ह्यांची फेररचना झाली. पूर्वी 'वून' म्हणजे वणीच्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा १९०५ मध्ये यवतमाळ जिल्हा झाला आणि पुसदचा भाग त्यास जोडण्यात आला. जिल्ह्यातील दाव्यांची अपिले नागपूरला न्याय आयुक्तांपुढे जात. ९ जानेवारी १९३६ रोजी नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले, तेव्हा यवतमाळच्या पक्षकारास प्रथमच आपल्या प्रांतात उच्च न्यायालय मिळाले.

या वातावरणाने घडवलेली माणसे केवळ न्यायालयात राहिली नाहीत. वणी येथे २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळात वकिली केली. १० जुलै १९३० रोजी पुसदच्या जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व करताना, जो कायदा आपण मोडत आहोत तो किती व्यापक आहे याची पूर्ण जाणीव त्यांना होती. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये महात्मा गांधींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. त्यांच्यासमवेत राजीनामा देणाऱ्यांत सर होमी मोदी होते. मोदी हेही मूळचे वकील. मुंबईत वकिली सोडून ते गिरणीमालकांच्या संघटनेत आणि पुढे टाटा उद्योगसमूहात गेले. एकाच शिक्षणातून निघालेल्या दोन वाटा अशा एका निर्णयाच्या वेळी पुन्हा एकत्र आल्या.

पिता : वकिलीतून उद्योगाकडे

र. न. मुधोळकर यांचा जन्म १८५७ मध्ये धुळे येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी वऱ्हाडात वकिली सुरू केली आणि थोड्याच काळात तेथील अग्रगण्य वकिलांत त्यांची गणना होऊ लागली. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनापासून ते काँग्रेसच्या कार्यात आले. १८९० मध्ये काँग्रेसने इंग्लंडला जे शिष्टमंडळ पाठविले त्यात सुरेंद्रनाथ बॅनर्जी, अर्डली नॉर्टन व ॲलन ह्यूम यांच्यासमवेत मुधोळकर होते. १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन खुद्द अमरावतीस भरले. त्याचे अध्यक्ष सी. शंकरन नायर हेदेखील वकीलच होते आणि पुढे ते मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

मुधोळकरांचे वैशिष्ट्य मात्र राजकारणापेक्षा उद्योगविषयक कार्यात अधिक दिसते. वऱ्हाडात पिकणारा कापूस परदेशी जातो आणि कापडाच्या रूपाने महाग होऊन परत येतो, हे त्या काळी सर्वच विचारवंतांना जाणवत होते. १८७७ मध्ये जमशेटजी टाटा यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू करून, कापूस पिकतो तेथेच तो कातता व विणता येतो हे दाखवून दिले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९० मध्ये पुण्यास औद्योगिक परिषद भरवून या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी केली होती. रानडे सरकारी न्यायाधीश असल्याने त्यांना विचार देता आला, प्रत्यक्ष संघटनेचे ओझे मात्र इतरांनी उचलणे आवश्यक होते.

हे ओझे मुधोळकरांनी उचलले. १९०५ मध्ये बनारस येथे काँग्रेसच्या अधिवेशनाच्या वेळीच पहिली अखिल भारतीय औद्योगिक परिषद भरली. रमेशचंद्र दत्त तिचे अध्यक्ष होते. या परिषदेच्या स्थापनेत मुधोळकरांचा मोठा वाटा होता आणि तिचे सरचिटणीस म्हणून वर्षानुवर्षे त्यांनी काम पाहिले. परिषदेचे कार्यालय अमरावतीस होते. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले साखर, कातडी, काच, तेल, हातमाग, तांत्रिक शिक्षण अशा विषयांवरील निबंध एकत्र करावयाचे, अधिवेशनाची तयारी करावयाची आणि नंतर त्याचा अहवाल छापून काढावयाचा, हे सारे काम वऱ्हाडातील एका वकिलाच्या देखरेखीखाली चाले. आजच्या भाषेत ज्याला व्यवस्थापन म्हणतात, तेच हे कार्य होते. १९१२ मध्ये बांकीपूर येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. १९१४ मध्ये त्यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला. नामदार गोखले यांच्या नेमस्त विचारांचे ते अनुयायी होते आणि अखेरीस ते उदारमतवादी पक्षात गेले. १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

वकील आणि कंपनी

उद्योगाच्या उभारणीत वकिलाची नेमकी गरज काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. याचे उत्तर संयुक्त भांडवलाच्या कंपनीच्या रचनेत आहे. सावकार आपल्या पैशाने व्यापार करतो तेव्हा त्याला कोणाला विचारावे लागत नाही. परंतु शेकडो लोकांनी समभाग घेऊन उभारलेल्या कंपनीत पैसा एकाचा आणि निर्णय दुसऱ्याचा असतो. अशा वेळी भागधारकांचा विश्वास टिकावयाचा तर संचालकांनी काय करावे व काय करू नये हे आधीच लिहून ठेवावे लागते. मेमोरँडम नावाने ओळखले जाणारे कंपनीचे घटनापत्रक हेच काम करते. कंपनी कोणत्या उद्देशाने स्थापन झाली हे त्यात नमूद असते.

इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८७५ मध्ये ॲशबरी रेल्वे कंपनीच्या खटल्यात एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले. रेल्वेचे डबे तयार करण्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीने रेल्वेमार्ग बांधण्याच्या कामास पैसा पुरविण्याचा करार केला, तेव्हा तो करार कंपनीच्या अधिकाराबाहेरचा म्हणून रद्दबातल ठरला. सर्व भागधारकांनी एकमुखाने संमती दिली तरी तो वैध होणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. कंपनी आपले अंतर्गत नियम ठरावाने बदलू शकते, पण ज्या पायावर ती उभी आहे तो पाया बहुमताच्या बळावर सहज उखडता येत नाही, असा याचा मथितार्थ होता. पुढे कायद्यात बदल होऊन न्यायालयाच्या संमतीने उद्देश काही मर्यादेपर्यंत बदलण्याची सोय झाली. तथापि बदल आणि कायापालट यांतील भेद कायम राहिला.

हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कारण सुमारे ९० वर्षांनंतर हाच भेद, कंपनीऐवजी देशाच्या राज्यघटनेच्या संदर्भात, मुधोळकरांच्या पुत्राने सर्वोच्च न्यायालयात मांडला.

पुत्र : न्यायासनाकडे

ज. र. मुधोळकर हे नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. यवतमाळची अपिले त्यानंतरही नागपूर येथेच, मुंबई उच्च न्यायालयाच्या शाखेपुढे, चालू राहिली. ऑक्टोबर १९६० मध्ये मुधोळकर सर्वोच्च न्यायालयात गेले.

तेथे वर्षभराच्या आतच एका मराठी वृत्तपत्राचा खटला त्यांच्यापुढे आला. डॉ. ना. भि. परुळेकर यांनी १९३२ मध्ये पुण्यास सुरू केलेल्या 'सकाळ' या दैनिकाने वृत्तपत्रांची किंमत व पृष्ठसंख्या यांविषयीच्या १९५६ च्या कायद्यास आणि त्याखालील १९६० च्या आदेशास आव्हान दिले होते. वृत्तपत्राने किती पानांसाठी किती किंमत आकारावी हे सरकारने ठरवावे, जाहिरातींच्या जागेवरही नियंत्रण ठेवावे, अशी त्या कायद्याची योजना होती. तिच्यामागील हेतू वाईट नव्हता. भांडवलदारांची मोठी वृत्तपत्रे कमी किमतीत अधिक पाने देऊन लहान वृत्तपत्रांना बाजारातून उठवतात, ही तक्रार खरी होती. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगानेही १९५४ मध्ये अशा योजनेची शिफारस केली होती.

सरकारचा युक्तिवाद असा होता की, वृत्तपत्र हा एक व्यवसाय आहे आणि व्यवसायाचे सार्वजनिक हितासाठी नियमन करता येते. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निर्णय २५ सप्टेंबर १९६१ रोजी न्यायमूर्ती मुधोळकर यांनी दिला. वृत्तपत्र हा व्यवसाय आहे हे मान्य करूनही त्यांनी दाखवून दिले की, पाने कमी केली तर मजकूर कमी होतो, किंमत वाढविली तर वाचक कमी होतात आणि जाहिराती घटल्या तर वृत्तपत्राचा आर्थिक आधारच जातो. विचार किती लोकांपर्यंत पोहोचवावा हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग होय. घटनेने व्यवसायावर सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालण्याची मुभा दिली आहे. भाषणस्वातंत्र्यावर मात्र ठरावीक कारणांसाठीच निर्बंध घालता येतात आणि त्या कारणांत 'सार्वजनिक हित' असे सर्वसाधारण कारण नाही. म्हणून व्यवसायाच्या नियमनाचा मार्ग धरून भाषणस्वातंत्र्य कमी करता येणार नाही. तो कायदा व आदेश घटनाबाह्य ठरला.

हा निर्णय समजण्यासाठी व्यवसायाचे अंतरंग ठाऊक असावे लागते. कागद, किंमत, जाहिरात आणि खप यांची साखळी ज्याला कळत नाही, त्याला पानांची संख्या ही किरकोळ बाब वाटेल. पित्याने ज्या उद्योगजीवनाची संघटना केली, त्याचे गणित पुत्राने न्यायासनावरून वाचले, असे म्हणता येईल.

एक नोंदविलेली शंका

न्यायमूर्ती मुधोळकर यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य मात्र निर्णयात नसून एका प्रश्नात आहे, आणि त्या प्रश्नाचा यवतमाळ जिल्ह्यातील शेतजमिनीशी जवळचा संबंध आहे.

महाराष्ट्राचा शेतजमीन कमाल धारणा कायदा १९६१ मध्ये संमत झाला. त्या वेळी राज्याचे महसूलमंत्री वसंतराव नाईक होते. यवतमाळ जिल्ह्यातील गहुली या गावी १ जुलै १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला होता आणि पुसद येथे त्यांनी वकिली केली होती. एका कुटुंबाकडे किती जमीन असावी याला सीमा घालून उरलेली जमीन भूमिहीनांना द्यावी, हा या कायद्याचा हेतू. अशा कायद्यांना न्यायालयात आव्हान मिळू नये म्हणून संसदेने १९६४ मध्ये सतरावी घटनादुरुस्ती केली आणि निरनिराळ्या राज्यांचे ४४ कायदे घटनेच्या नवव्या अनुसूचीत घातले. महाराष्ट्राचा कमाल धारणा कायदा त्यांपैकी एक होता.

या दुरुस्तीला सज्जनसिंह विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात आव्हान देण्यात आले. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी ३० ऑक्टोबर १९६४ रोजी निर्णय दिला. पाचही न्यायमूर्तींनी याचिका फेटाळल्या आणि दुरुस्ती कायम राहिली. तथापि नागपूरच्या न्यायक्षेत्रातून आलेल्या दोघांनी, न्यायमूर्ती हिदायतुल्ला व न्यायमूर्ती मुधोळकर यांनी, आपापल्या शंका स्वतंत्रपणे नोंदविल्या.

मुधोळकरांनी १९६३ मधील पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाचा आधार घेतला आणि विचारले की, घटनेच्या एखाद्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल करणे याला केवळ दुरुस्ती म्हणता येईल, की ते घटनेचा एक भाग नव्याने लिहिणेच ठरेल? आणि ते नव्याने लिहिणे असेल, तर दुरुस्तीच्या अधिकारात ते बसते काय? घटनेच्या उद्देशिकेतच ही मूलभूत वैशिष्ट्ये संक्षेपाने सांगितली आहेत, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. या प्रश्नांचे उत्तर मात्र त्यांनी दिले नाही, कारण त्या खटल्याच्या निकालासाठी ते आवश्यक नव्हते.

येथे त्यांच्यापुढे असलेला पेच ध्यानात घेतला पाहिजे. प्रश्न रास्त होता, परंतु त्याच प्रश्नाच्या आधाराने दुरुस्ती रद्द झाली असती तर जमीन सुधारणेच्या कायद्यांचे संरक्षण गेले असते आणि ज्या भूमिहीनाला जमिनीची आशा लागली होती त्याचे नुकसान झाले असते. न्यायमूर्तींनी कायदा टिकू दिला आणि प्रश्न नोंदवून ठेवला. न्यायाधीशाच्या कामात संयम व निर्भयता यांचा असा मेळ क्वचितच पाहावयास मिळतो.

प्रश्नाचा पुढील प्रवास

१९६७ च्या गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार संसदेला नाही असे ठरविले, मात्र आधीच्या दुरुस्त्यांना धक्का लावला नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठाने ७ विरुद्ध ६ अशा मताधिक्याने गोलकनाथचे मत बाजूस सारले. संसदेला घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करता येईल, परंतु घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, असा तो निर्णय होता. मुधोळकरांनी नऊ वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर होते.

हे उत्तर पुन्हा महाराष्ट्राच्या शेतजमिनीपर्यंत आले. १९७५ मध्ये कमाल धारणेची मर्यादा आणखी खाली आणण्यात आली. या कायद्याला वामनराव विरुद्ध भारत सरकार या खटल्यात आव्हान मिळाले. १९८० मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने कमाल धारणा कायदा वैध ठरविला, आणि त्याच वेळी २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या अनुसूचीत घातलेले कायदे मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील असे सांगितले. ११ जानेवारी २००७ रोजी कोएल्हो खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हे तत्त्व आणखी दृढ केले. अशा रीतीने भूमिहीनाची जमीन आणि नागरिकाचे हक्क या दोहोंचे रक्षण एकाच तत्त्वाखाली होऊ शकले.

जुलै १९६६ मध्ये न्यायमूर्ती मुधोळकर यांनी सर्वोच्च न्यायालय सोडले आणि नव्याने स्थापन झालेल्या भारतीय वृत्तपत्र परिषदेचे ते पहिले अध्यक्ष झाले. परिषदेचे काम १६ नोव्हेंबर १९६६ रोजी सुरू झाले आणि तो दिवस आता राष्ट्रीय पत्रकारिता दिन म्हणून पाळला जातो. वृत्तपत्र परिषदेची शिफारसही राजाध्यक्ष आयोगाचीच होती. एकाच आयोगाच्या दोन शिफारशींपैकी एकीवरून झालेला कायदा ज्यांनी घटनाबाह्य ठरविला, त्यांच्याच हाती दुसरीतून निर्माण झालेली संस्था सोपविण्यात आली. सरकारने पृष्ठसंख्या ठरविण्याऐवजी वृत्तपत्रसृष्टीने आपली शिस्त आपणच सांभाळावी, हा या दोन घटनांना जोडणारा विचार होता.

या दोन पिढ्यांकडे पाहताना यवतमाळच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने पदांची यादी पाठ करण्याचे कारण नाही. सरचिटणीसपद, अध्यक्षपद, न्यायमूर्तिपद ही कालांतराने विस्मृतीत जातात. जे टिकते ते कामाचे वळण. ज्या प्रदेशात कोणता कायदा लागू आहे हेच आधी विचारावे लागे, तेथील वकिलीने अधिकाराचा उगम शोधावयास शिकविले, संयुक्त भांडवलाच्या कंपनीने उद्देशाची मर्यादा दाखविली, आणि न्यायासनावरून तोच विचार राज्यघटनेला लावण्यात आला. सहकारी संस्थेचा पदाधिकारी असो, ग्रामपंचायतीचा सरपंच असो वा जिन-प्रेसचा संचालक असो, दुसऱ्याच्या विश्वासावर अधिकार चालविणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न रोजच्या कामात उपयोगी पडणारा आहे. ठराव बहुमताने संमत झाला, एवढ्याने तो संस्थेच्या उद्देशात बसतोच असे नाही. ही शंका ज्याच्या मनात वेळीच येते, त्याने ती सभेच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवावी. १९६४ मध्ये नोंदविलेल्या अशाच एका शंकेचे उत्तर मिळण्यास नऊ वर्षे लागली, परंतु ते उत्तर आजही देशाच्या घटनेचे रक्षण करीत आहे.